दिव्यावरची टिकली

गेल्या वैशाखातली गोष्ट आहे. नागपूरला नात्यातले लग्न होते. पुतण्याने दोन वर्षांपूर्वी सोयाबीन-तुरीच्या पैशात जुनी मोटार घेतली. ती गाडी घेऊन पहाटे पाचला निघायचे, मेहकरला समृद्धी महामार्गावर चढायचे आणि दहाच्या आत मांडवात हजर व्हायचे, असा बेत ठरला. गाडीत पुतण्या, सुनबाई, वहिनी, दोन लेकरे आणि मी. शिवाय आहेराच्या पिशव्या आणि वहिनींनी मुद्दाम घेतलेला पापड-कुरड्यांचा डबा.

मी पुढे बसलो होतो. गाडी सुरू झाली तसे माझे लक्ष चक्रापुढच्या काचेकडे गेले. वेगाच्या काट्याशेजारी एक लाल टिकली चिकटवलेली होती. मला वाटले, गाडीची पूजा केली असेल. म्हणून विचारले, तर पुतण्या हसत म्हणाला, "काका, तिच्याखाली दिवा हाये. गाडी घेतली तवापासून पेटेलच राह्यते. रातच्याला डोळ्याले टोचते म्हून हिनं टिकली लावली."

"पण दिवा कशाचा?"

"हवेचा. ज्यानं गाडी विकली तो म्हणे, सेन्सरचा खेळ हाये, ध्यान देऊ नका."

मी टिकली नखाने खरवडली. खाली पिवळा दिवा होता, घोड्याच्या नालासारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. मेहकरला पंपावर तेल भरायला थांबलो तेव्हा मी पिशवीतून हवेचा छोटा मीटर काढला. फवारणी पंपाच्या दाबापासून ट्रॅक्टरच्या चाकापर्यंत सगळे मोजत फिरण्याची सवय नोकरीने लावली आहे. तीन चाकांत ३१-३२ पौंड हवा निघाली. डावीकडच्या मागच्या चाकात फक्त १८. कंपनीने सांगितलेली हवा होती ३३. हात फिरवला तर नक्षीच्या खाचेत एक खिळा रुतलेला, डोके घासून रुपयासारखे चकचकीत झालेले. म्हणजे तो कालपरवाचा नव्हता.

डोळ्यांनी पाहून काही कळत नव्हते. हल्लीचे रेडियल टायर पुरेशी हवा असतानाही खाली थोडे फुगलेलेच दिसतात. पूर्वीसारखे पायाने ठोकून "हवा हाये" म्हणण्याचे दिवस गेले. त्याच चाकावर सहा माणसे बसवून आम्ही अडीचशे किलोमीटरच्या वर, ताशी शंभर-एकशेवीसने जाणार होतो. वहिनींनी ते ऐकले आणि लेकरांना गाडीतून खाली उतरवले. पंक्चरवाला साडेसहाला आला. त्याचे काम होईस्तोवर आम्ही बाकावर बसून कुरड्या खाल्ल्या.

ही हकीकत सांगण्याचे कारण आहे. आता आपल्या गावोगावी मोटारी झाल्या आहेत आणि आपल्या जिल्ह्यातून मोठा रस्ता गेला आहे. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग एकूण ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या आपल्या घाटावरच्या तालुक्यांतून तो जातो. गावच्या रस्त्यावर चाळीसने चालताना चाकात हवा कमी असली तर गाडी जड चालते, तेल जास्त खाते, इतकेच. त्या रस्त्यावर मात्र तीच चूक जीव घेते.

१ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ माणसे गेली, ते आपल्यापैकी कोणी विसरलेले नाही. त्या वेळी पहिल्यांदा बातमी आली ती टायर फुटल्याची. पुढे परिवहन खात्याच्या तपासात टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही. तेव्हा प्रत्येक अपघाताचे खापर टायरवर फोडू नये, हेही मी म्हणतो. पण टायर फुटून झालेले अपघात त्या रस्त्याने पाहिलेच आहेत, आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परिवहन खात्याने प्रवेशाच्या ठिकाणी अडवल्या, त्या उगाच नाहीत.

आता टायर फुटतो कशाने, ते नीट समजून घ्या, कारण यात आपल्याकडे एक उलटा समज घट्ट बसला आहे. "उन्हाळ्यात हवा दोन-चार पौंड कमी ठेवा, गरम होऊन फुटणार नाही," असे चांगले जाणते ड्रायव्हरही सांगतात. हे साफ चूक आहे. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतात आणि जास्त वाकतात. लोखंडी तार हाताने सारखी इकडेतिकडे वाकवली तर वाकते तिथे ती गरम होते आणि शेवटी तुटते. तसेच टायरचे होते. वेग वाढला की वाकण्याच्या फेऱ्या वाढतात, ओझे वाढले की वाक वाढतो. आतले रबर आणि दोऱ्यांचे थर तापून सुटू लागतात. म्हणजे ज्या उष्णतेला भिऊन आपण हवा कमी करतो, तीच उष्णता आपण वाढवतो. कंपनीने दिलेला आकडा थंड टायरचा असतो आणि चालताना गरम होऊन वाढणारी चार-पाच पौंडांची हवा त्यात हिशेबात धरलेली असते. तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर असतो. तिथेच भरगच्च गाडीसाठी वेगळा, थोडा जास्त आकडा दिलेला असतो. टायरच्या अंगावर छापलेला आकडा हा त्याने सोसायची कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

मग तो पिवळा दिवा कुठून आला? अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्या टायरचे वरचे पट्टे सुटून गाड्या उलटल्या होत्या आणि अडीचशेहून अधिक माणसे मेली होती. त्यातून तिथल्या संसदेने त्याच वर्षी कायदा केला आणि पुढे प्रत्येक नव्या मोटारीत हवा सांगणारी यंत्रणा सक्तीची झाली. हवा सांगितलेल्या आकड्यापेक्षा पाव हिश्शाने कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे, असा तिथला नियम. युरोपात २०१४ पासून सगळ्या नव्या मोटारींना ती लागू झाली. आपल्याकडे सक्ती झाली नाही. पण २०२० साली नियम बदलून, ज्या हलक्या गाडीत ही यंत्रणा, ट्यूबलेस टायर आणि दुरुस्तीचे साहित्य आहे, तिला स्टेपनी न देण्याची मुभा मिळाली. तेव्हा नवी गाडी घेणाऱ्यांनी डिकीचा तळ उचलून स्टेपनी आहे की नाही, हे आधी पाहावे. रात्री घाटात पाहण्यापेक्षा ते बरे.

यंत्रणा दोन जातीची असते. एका जातीत प्रत्येक चाकाच्या आत, हवेच्या नळीच्या मुळाशी आगपेटीहून लहान असा सेन्सर असतो. तो दाब मोजतो आणि बिनतारी संदेशाने गाडीला कळवतो. त्यात बॅटरी असते, साधारण पाच ते दहा वर्षे टिकते आणि बदलता येत नाही. ती संपली की सेन्सरच नवा घ्यावा लागतो. दुसऱ्या जातीत चाकात काहीच नसते. हवा कमी झालेले चाक किंचित लहान होते, म्हणून इतरांपेक्षा जास्त फेऱ्या घेते. ब्रेकच्या यंत्रणेतले फेऱ्या मोजणारे सेन्सर तो फरक पकडतात. ही जात स्वस्त आणि टिकाऊ, पण तिच्यात दोन उणिवा आहेत. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर तिला पत्ता लागत नाही. आणि हवा भरल्यावर बटण दाबून किंवा पडद्यावरून "हीच हवा बरोबर" असे तिला शिकवावे लागते. इथे लोक घोटाळा करतात. दिवा लागला की हवा न बघताच बटण दाबतात. दिवा विझतो, आणि यंत्रणा बिचारी कमी हवेलाच बरोबर समजून बसते. आधी थंड चाकांत हवा भरा, मगच बटण दाबा.

दिव्याची भाषा ओळखता आली पाहिजे. बऱ्याच गाड्यांत गाडी सुरू केल्यावर दिवा मिनिट-दीड मिनिट लुकलुकतो आणि मग सतत पेटून राहतो. त्याचा अर्थ यंत्रणा बिघडली: एखाद्या सेन्सरची बॅटरी गेली, पंक्चर काढताना टॉमीने तो मोडला, ट्यूबलेसमध्ये ओतलेल्या चिकट द्रवाने त्याचे भोक बुजले, किंवा सेन्सर नसलेली स्टेपनी लावली आहे. न लुकलुकता दिवा सरळ पेटला, तर हवा कमी आहे. पुतण्याच्या गाडीत दोन्ही गोष्टी एकाच वेळी होत्या. नंतर टायरच्या दुकानात हातातल्या यंत्राने तपासले, तेव्हा पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर मेलेला निघाला. दोन वर्षे तो दिवा त्याच्यासाठी जळत होता. मागच्या चाकाचा सेन्सर मात्र धडधाकट होता आणि खिळा रुतल्यापासून खरे तेच सांगत होता. पण दिवा एकच. लांडगा आला रे आला ऐकून कंटाळलेल्या गावासारखी आमची गत झाली होती.

आपण शेतकरी हे दुसऱ्या ठिकाणी रोज करतो. विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये एक फेज गेली की मोटार बंद पाडणारे यंत्र बसवलेले असते. ते वारंवार मोटार पाडते म्हणून आपण तार जोडून मोटार "डायरेक्ट" करतो. मग एके रात्री दोन फेजवर मोटार जळते आणि रिवाइंडिंगचे पैसे मोजताना आपण वीज मंडळाला शिव्या देतो. पुतण्याला हे सांगितले तेव्हा तो गप्प बसला. त्याची मोटार मागच्या रब्बीत अशीच जळाली होती.

हिवाळ्यात मात्र चांगला दिवाही थोडा फसवतो. हवा दर दहा अंश सेल्सिअसला जवळपास दोन पौंडांनी कमी-जास्त होते. घाटाखाली खामगाव-मलकापूरला दुपारच्या उन्हात, चालून गरम झालेल्या चाकांत कोणी ३० पौंड भरून घेतली आणि गाडी रात्री घाटावर आणून उघड्यावर ठेवली, तर पौषातल्या पहाटे तीच हवा पंचविसापर्यंत उतरते आणि दिवा लागतो. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर चाके तापतात, दिवा विझतो, आणि लोक म्हणतात सेन्सर खराब. सेन्सर ठीक आहे, हवा मुळात कमी भरली होती. शिवाय चांगल्या टायरमधूनही महिन्याकाठी एखाद-दोन पौंड हवा आपोआप झिरपते. म्हणून स्वतःचा मीटर घरी ठेवा. काही शे रुपयांत मिळतो. महिन्यातून एकदा, सकाळी गाडी हलवण्यापूर्वी, चारही चाके आणि स्टेपनी मोजा. पंपावरचे मीटर दिवसभर आपटून आपटून किती खरे राहतात, ते तुम्हीच पाहता. नायट्रोजनसाठी पैसे द्यावेत का, असे विचारतात. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर घ्या.

बाजारात नळीच्या टोपीसारखे स्क्रूने बसवायचे सेन्सर मिळतात. जुन्या गाडीला ते कामाचे आहेत. पण टोपी लावल्यावर साबणाचे पाणी टाकून तिथूनच हवा जात नाही ना, ते पाहा. आणि पंक्चरवाल्याकडे गाडी नेली की कामाला हात लावण्याआधी सांगा, "भाऊ, चाकात सेन्सर आहे, नळीजवळ टॉमी घालू नको." नवा टायर घालताना नळीचे रबरी वायसरही बदलून घ्या, सेन्सर चांगला आणि हवा वायसरातून जाते, असे पुष्कळदा होते.

चालत्या गाडीत दिवा लागला तर घाबरून ब्रेक मारू नका. चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरा, पाय हळूच उचला, वेग आपोआप उतरू द्या आणि गाडी डाव्या कडेला अगदी बाहेर घ्या. समृद्धीवर उभ्या गाडीला मागून धडकण्याचा धोका मोठा आहे. म्हणून चारही इशारादिवे लावून सगळ्यांनी गाडीतून उतरून लोखंडी कठड्यापलीकडे उभे राहावे. लेकरांना गाडीत झोपू देऊ नये. मदतीला ११२ लावावा. चाक बदलायचेच तर रस्त्याच्या बाजूचे चाक तिथे बदलण्याचे धाडस करू नये.

आम्ही नागपूरला साडेबाराला पोचलो. अक्षता हुकल्या, पंगत मिळाली. वहिनींनी उशिराचे कारण सगळ्या मांडवाला सांगितले, आणि जेवणे झाल्यावर तीन व्याही मंडळी आपापल्या गाड्यांची हवा बघायला मला बाहेर घेऊन गेली. एकाच्या चारही चाकांत बावीस-तेवीसच निघाली. "उन्हाळ्यासाठी मुद्दाम ठेवली," म्हणाले.

पुतण्याने पुढच्या आठवड्यात मेलेला सेन्सर बदलून घेतला. दुकानदाराने चारही एकदम बदला म्हटले, कारण एकाची बॅटरी गेली की बाकीच्यांचीही फार दूर नसते. ते खरे आहे, पण त्याने यंदा एकच बदलला, बाकीचे कापूस निघाल्यावर. तोवर दर अमावास्येला सकाळी हवा मोजतो. माझा मीटर त्याच्याकडेच आहे. तो काही अजून परत आलेला नाही, मी दुसरा घेतला.