दुधाची शीर आणि काळं रक्त

कर्जत-खालापुरात गाय विकत घेताना जाणती माणसं वाकून तिच्या पोटाखालून हात फिरवतात. कासेपासून पुढच्या पायांकडे गेलेली जाड, नागमोडी शीर हाताला लागली की सौदा पुढे सरकतो. तिचं नाव दुधाची शीर, आणि घोटाळा नावापासूनच सुरू होतो. त्या शिरेत दुधाचा थेंबही नसतो. कासेतलं काम आटोपलेलं रक्त ती हृदयाकडे परत नेते, आणि छातीच्या हाडाजवळच्या एका खळग्यातून आत शिरते. दूध तयार होतं ते कासेच्या आत. धमन्यांनी आणलेलं रक्त तिथल्या केसांहून बारीक केशवाहिन्यांत पसरतं आणि त्यातून दुधाचा कच्चा माल पेशींना मिळतो. एक लिटर दुधामागे कासेतून साधारण ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावं लागतं. एवढं रक्त परत न्यायचं म्हणून शीर रुंदावते, आणि वेतागणिक जास्त जाड, जास्त वाकडी होत जाते. म्हणून जाड शीर आजच्या दुधाची हमी देत नाही. गाय जुनी असली तरी शीर जाडच दिसते. धार दोन्ही वेळा समोर काढून घ्यावी, हे बरं.

याच शिरेबद्दल दुसरा आग्रह जिवावर बेतू शकतो. व्यायलेली गाय दुग्धज्वराने बसली, कान थंड पडले, की घरचे म्हणतात, "डॉक्टर, शीर समोरच आहे, सलाईन इथेच लावा." डॉक्टर मानेची शीर शोधतात, कारण पोटाखालच्या शिरेतून सुई काढल्यावर कातडीखाली रक्त साकळून मोठी गाठ होते, आणि शेणमातीत टेकणारी ती जागा चिघळते. सलाईनच्या बाटलीतलं कॅल्शियम घाईने गेलं तर हृदयच थांबू शकतं. म्हणून बाटली सावकाश संपते. तेव्हा डॉक्टरांना घाई करायला लावू नये.

तापलेल्या जनावराचा कान चिरून "काळं, नासकं रक्त" काढायचा उपाय अजून ऐकू येतो. ठणठणीत बैलाच्या शिरेतलं रक्तही काळपटच निघतं. केशवाहिन्यांतून जाताना त्यातला प्राणवायू अंगाला मिळालेला असतो, एवढंच. हवेत ठेवलं की तेच रक्त लाल होऊ लागतं. कान चिरून आजार बाहेर पडत नाही, जखम मात्र मागे राहते. जनावराचं रक्ताभिसरण पाहायचंच असेल तर ओठ वर करून गुलाबी हिरडी बोटाने दाबावी. फिकी पडलेली जागा दोन सेकंदांत परत गुलाबी झाली तर केशवाहिन्यांत रक्त पोचतंय. याहून जास्त वेळ लागला, किंवा हिरडी मुळातच पांढरी दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावं.

मानेच्या शिरेचं मात्र ऐकावं. तिथे फुगलेली शीर पाहून "अंगात रक्त भरपूर आहे" म्हणणारे भेटतात. गाय चारा नीट न चावता गिळते, आणि त्याबरोबर खिळा किंवा तारेचा तुकडा पोटात जाऊ शकतो. आपल्याकडे फार्महाऊसची बांधकामं वाढल्यापासून चरायच्या जागी असे तुकडे पडलेले असतात. ती तार पोटाच्या जाळीदार कप्प्यातून पुढे सरकून हृदयाच्या पिशवीला टोचली, तर रक्त परतताना अडतं. मानेची शीर दोरीसारखी टम्म राहते, गळ्याखालची पोळी सुजते, आणि जनावर पुढचे पाय फाकवून उभं राहतं. मानेच्या मध्यावर शीर अंगठ्याने दाबल्यावर खालचा भाग रिकामा होत नसेल तर तो धोका समजावा.

आपल्याच कर्जत तालुक्यातल्या माथेरानचे घोडे याच शिरांचं वेगळं रूप दाखवतात. घोड्याच्या गुडघ्याखाली स्नायू नाहीत, तरी रक्त वर चढतं, कारण खुराच्या आत शिरांचं दाट जाळं असतं आणि प्रत्येक पावलाला भार पडून ते पिळलं जातं. रात्रभर बांधलेल्या घोड्याचे पाय थोडे भरले, म्हणून तो आजारी ठरत नाही. थोडं चालवलं की सूज उतरते. एकच पाय सुजला, गरम लागला किंवा घोडा लंगडला, तर त्याला चालवू नये.