चिन्ह बघा, पण नावही वाचा!

मैत्रिणींनो, निवडणूक आली की आपल्या दारात किती माणसं येतात! हात जोडतात, 'ताई, लक्ष असू द्या' म्हणतात, पत्रक देतात. पण यंत्रावरचं बटण नेमकं कुठलं, हे नीट समजावणारा विरळाच. चुरशीच्या लढतीत मात्र खरा प्रचार तोच, असं मला वाटतं.

साताऱ्याचंच बघा. २०२४ च्या लोकसभेला उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मतं पडली, शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३. फरक ३२,७७१ चा. शिंदेंचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. त्याच यादीत एका अपक्षाला ट्रम्पेट मिळालं होतं आणि त्याचं मराठी नावही 'तुतारी'च! आपण तिला पिपाणी म्हणतो. या पिपाणीला ३७,०६२ मतं पडली, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. आमची मतं चुकून तिकडे गेली, असं शिंदेंच्या पक्षाचं म्हणणं.

शेजारच्या सांगलीत मात्र वेगळंच घडलं. विशाल पाटील अपक्ष उभे राहिले. लिफाफा हे नवं चिन्ह लोकांपर्यंत न्यायला हाती जेमतेम पंधरवडा. तरी ते पोचलं, आणि ते लाखाच्या फरकाने निवडून आले.

अमेरिकेसारख्या देशातही असा घोळ झालाच की! २००० साली राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल फ्लोरिडा राज्यावर अडला आणि तिथला फरक निघाला फक्त ५३७ मतांचा. पाम बीच भागात मतपत्रिकेवर नावं दोन्ही बाजूंना आणि भोकं पाडायची जागा मधोमध. भलत्याच नावाला मत गेलं, म्हणून कितीतरी मतदार हळहळले. तेव्हा गोंधळ होणं म्हणजे काही अडाणीपणा नव्हे.

आमच्या बचत गटात हा विषय काढला, तर एक आजी म्हणाल्या, "घरातले चित्र सांगतात, तेवढंच ध्यानात ठेवायचं. नाव कोण वाचतंय?" इथंच तर गोम आहे, बायांनो! मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण केंद्राबाहेर लावलेली यादी आधी वाचा, उमेदवाराचा क्रमांक लक्षात ठेवा. यंत्रावर नाव आणि फोटो बघूनच बटण दाबा. मग काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते, तीही बघा. वाचता न येणाऱ्या सासूबाईंना, शेजारच्या काकूंना क्रमांक आणि फोटोची खूण आदल्या दिवशीच सांगून ठेवा.

मागे रांग असली तरी घाई करू नका. ती दोन मिनिटं आपल्या हक्काची आहेत.