अशीलच दोषी निघाला तर? छोट्या स्क्रीनवरच्या जपानी गेमने वकिलालाच पेचात टाकलं

समजा, तुम्ही वकील आहात. तुमच्या अशिलावर खुनाचा आरोप आहे. तो तुमच्या डोळ्यात डोळे घालून सांगतो, "मी त्याला मारलं नाही." तुमचा विश्वास बसतो, तुम्ही केस घेता. आणि ऐन खटल्यात कळतं की हा खून त्यानेच घडवून आणलाय.

आता काय कराल? केस सोडाल? कोर्टाला खरं सांगाल? की एकदा वकीलपत्र घेतलंय म्हणून लढत राहाल?

वरून आणखी एक गोष्ट. तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं अपहरण झालंय आणि अपहरणकर्त्याची एकच अट आहे. अशील निर्दोष सुटला पाहिजे, नाहीतर मैत्रीण जिवंत परत येणार नाही.

हा प्लॉट एका व्हिडिओ गेमचा आहे. तोही खिशात मावणाऱ्या कन्सोलवर २००२ साली आलेल्या. नाव 'फिनिक्स राइट : एस अॅटर्नी – जस्टिस फॉर ऑल'. निळा सूट, मागे वळलेले टोकदार केस, बोट रोखून "ऑब्जेक्शन!" ओरडणारा माणूस तुम्ही मीममध्ये कधीतरी पाहिलाच असेल. तोच हा फिनिक्स राइट.

गेम आला कुठून?

जपानच्या कॅपकॉम कंपनीने १२ ऑक्टोबर २००१ ला 'ग्याकुतेन साइबान' नावाचा गेम काढला. 'साइबान' म्हणजे खटला आणि 'ग्याकुतेन' म्हणजे पारडं फिरणं. हरत आलेला खटला शेवटच्या क्षणी फिरवणारा वकील, अशी ही कल्पना. लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचं. गेम निन्टेंडोच्या 'गेम बॉय अॅडव्हान्स' या हातात धरायच्या कन्सोलसाठी होता.

जपानी आवृत्तीत वकिलाचं नाव नारुहोदो. जपानी बोलण्यात 'नारुहोदो' म्हणजे "अच्छा, असं आहे होय!" इंग्रजीत त्याचा फिनिक्स राइट झाला.

दुसरा भाग वर्षभरात, १८ ऑक्टोबर २००२ ला आला. पण तो फक्त जपानीत होता. बाहेरच्या जगाला वाट बघावी लागली. निन्टेंडोचा दोन स्क्रीनचा 'डीएस' कन्सोल आल्यावर कॅपकॉमने हे गेम त्यावर आणले, आणि जानेवारी २००७ मध्ये दुसरा भाग अमेरिकेत इंग्रजीतून पोहोचला. डीएसला माइक असल्याने खेळणाऱ्याला स्वतःच "ऑब्जेक्शन!" ओरडायची सोयही मिळाली.

खेळायचं कसं?

यात बंदूक नाही, गाडी नाही, मारामारी नाही. वाचायचं, विचार करायचा आणि खोटं पकडायचं.

गेमचे दोन भाग पडतात. आधी तपास. घटनास्थळी जायचं, लोकांशी बोलायचं, पुरावे गोळा करायचे. मग कोर्ट. साक्षीदार जबानी देतो, तुम्ही एकेका वाक्यावर उलटतपासणी घेता. जे वाक्य पुराव्याशी जुळत नाही, तिथे नेमका तो पुरावा पुढे करायचा आणि "ऑब्जेक्शन!"

पहिल्या भागातली अगदी सुरुवातीची केस बघा. साक्षीदार म्हणतो, मला प्रेत दुपारी एकला दिसलं. शवविच्छेदन अहवाल म्हणतो, मृत्यू चारनंतर झाला. साक्षीदार म्हणतो, वेळ मी टीव्हीवर ऐकली. पण तेव्हा तर इमारतीत वीजच नव्हती. असं एकेक करत खोटं उसवत जातं.

दुसऱ्या भागात या साच्यात काही बदल झाले. पहिल्या केसमध्ये फिनिक्सच्या डोक्यात आग विझवायचा सिलिंडर बसतो आणि त्याची स्मृती जाते. वकिलाला काहीच आठवत नाही म्हटल्यावर खेळणाऱ्याला नियम पहिल्यापासून शिकवायला आयतं निमित्त मिळालं. आधीच्या गेममध्ये ठरावीक पाच चुका माफ होत्या. आता त्याऐवजी एक पट्टी आली. मुद्दा जितका जोखमीचा, तितका चुकल्यावर पट्टीचा मोठा तुकडा जातो.

समोरचा सरकारी पक्षही नवा. फ्रान्झिस्का फॉन कर्मा ही १८ वर्षांची मुलगी, जी १३ व्या वर्षीच सरकारी वकील झालेली आहे. भर कोर्टात ती साक्षीदारापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांवर चाबूक चालवते.

मनाला लावलेली कुलपं

सगळ्यात मोठी भर म्हणजे 'सायकी लॉक'. फिनिक्सला एक मागातामा मिळतो. मागातामा म्हणजे स्वल्पविरामाच्या आकाराचा मणी. जपानमध्ये हा दागिना प्राचीन काळापासून आहे आणि सम्राटाच्या तीन पवित्र वस्तूंमध्येही एक मागातामा आहे. गेममध्ये त्याची जादू अशी की समोरचा काही लपवत असेल, तर त्याच्याभोवती साखळ्या आणि कुलपं दिसू लागतात. योग्य पुरावा दाखवला की एकेक कुलूप फुटतं.

म्हणजे वकिलाच्या हाती खोटं पकडायचं यंत्रच आलं. आणि शेवटच्या केसमध्ये गेम याच यंत्राच्या मदतीने खेळणाऱ्याला फसवतो.

(इथून पुढे शेवटच्या केसमधलं मोठं रहस्य आहे. गेम खेळायचा असेल तर हा भाग सोडून द्या.)

मॅट एन्गार्ड हा टीव्हीवरचा लाडका अभिनेता. त्याच्यावर प्रतिस्पर्धी अभिनेत्याच्या खुनाचा आरोप येतो. फिनिक्स मागातामा हातात घेऊन सरळ विचारतो, तू मारलंस का? मॅट नाही म्हणतो. एकही कुलूप दिसत नाही. फिनिक्स निर्धास्त होतो.

पण मॅट खोटं बोललेलाच नसतो. त्याने स्वतःच्या हाताने खून केलेला नाही, त्याने सुपारी दिली. प्रश्न चुकीचा विचारला गेला होता! आणि ज्याला सुपारी दिली, त्याच मारेकऱ्याने फिनिक्सची सहकारी आणि मैत्रीण माया हिला पळवून नेलंय.

पहिला गेम एका साध्या विश्वासावर उभा होता : आपला अशील निर्दोष आहे, सगळं जग विरोधात गेलं तरी आपण त्याच्या बाजूने. दुसऱ्या गेमने हा विश्वासच काढून घेतला. जिंकलो तर गुन्हेगार मोकळा सुटतो, त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी अडकतं. हरलो तर मायाचा जीव जातो.

या केसमध्ये फिनिक्सचा जुना मित्र आणि सरकारी वकील माइल्स एजवर्थ एक वेगळं उत्तर मांडतो. सरकारी वकील आणि बचावाचा वकील आपापलं काम चोख करत राहिले, तर दोघांच्या मधून सत्य बाहेर येतं. त्यामुळे वकिलाचं काम हार-जितीच्या हिशोबात मावत नाही. शेवटच्या टप्प्यावर चुकलात तर गेम एका वेगळ्या, मन खट्टू करणाऱ्या शेवटाकडे नेतो. नीट खेळलात तर काय होतं, ते इथे फोडत नाही.

हे सगळं जपानमध्येच का सुचलं असावं?

गेम म्हणजे कायद्याचं पुस्तक नाही. खटला तीन दिवसांत संपतो, आत्मे बोलावले जातात, साक्षीदार विग फेकतात. पण एक गोष्ट ओळखीची वाटते. गेममधल्या कोर्टात आरोपी आधीच दोषी धरलेला असतो. त्याला सोडवायचं तर वकिलाला बहुतेक वेळा खरा खुनीच शोधून द्यावा लागतो.

कागदावर जपानमध्येही गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोषच असतो. राज्यघटनेच्या ३७ व्या कलमानुसार प्रत्येक आरोपीला वकील मिळण्याचा हक्क आहे. प्रत्यक्षात मात्र कोर्टात गेलेल्या फौजदारी खटल्यांत दोषी ठरण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांहून जास्त आहे. याचं एक कारण असं की सरकारी वकील भक्कम पुरावा असलेलीच प्रकरणं कोर्टात नेतात. दुसरं कारण टीकाकार सांगतात. दोषारोप ठेवण्याआधी संशयिताला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं आणि चौकशीच्या वेळी शेजारी वकील बसवण्याचा हक्क नसतो. त्यातून कबुलीजबाब मिळतात.

चुकीचा निकाल किती महाग पडतो, हे इवाओ हाकामादा यांच्या प्रकरणात दिसलं. या माजी बॉक्सरला १९६८ मध्ये फाशीची शिक्षा झाली. पुरावा होता मिसो, म्हणजे सोयाबीनपासून बनणारा आंबवलेला पदार्थ, त्याच्या टाकीत सापडलेले रक्ताळलेले कपडे. सप्टेंबर २०२४ मध्ये कोर्टाने हा पुरावा तपासयंत्रणेनेच रचल्याचं सांगत त्यांना निर्दोष ठरवलं. मधे ५६ वर्षं गेली.

जपानने २१ मे २००९ पासून गंभीर खटल्यांत सामान्य नागरिकांना न्यायाधीशांसोबत बसवायला सुरुवात केली. साधारणपणे सहा नागरिक आणि तीन न्यायाधीश मिळून निकाल देतात.

मग हा गेम परफेक्ट आहे का?

नाही. यातली सर्कशीची केस अनेक चाहत्यांना नकोशी वाटते. काही ठिकाणी कुलपं फोडायला नेमकं काय दाखवायचं याचा अंदाजच येत नाही. पण शेवटच्या केसचं नाव निघालं की तक्रारी थांबतात.

या मालिकेवर पुढे जपानमध्ये नाटक, तकाशी मीके यांचा २०१२ चा सिनेमा आणि २०१६ ची अॅनिमे मालिकाही आली. पहिले तिन्ही भाग २०१९ पासून एकत्र, पीसी आणि आजच्या कन्सोलवर खेळता येतात.

एखाद्या गाजलेल्या खटल्यात "असल्या माणसाचं वकीलपत्र घेतातच कसं?" हा प्रश्न कमेंट्समध्ये हमखास येतो. हा गेम त्याचं उत्तर भाषण देऊन देत नाही. तो ते वकीलपत्र खेळणाऱ्याच्या हातात देतो आणि म्हणतो, आता तुम्हीच उभे राहा.