आधार पाठवताय? त्यावर कारण लिहा!

रूम बघायला गेलं की एजंट म्हणतो, 'आधार व्हॉट्सअ‍ॅप कर.' इंटर्नशिप मिळाली की एचआरचा मेसेज, 'पॅन मेल कर.' आपण पाठवतो आणि विसरून जातो. ती कॉपी पुढे कुणाच्या फोनमध्ये फिरते, काही पत्ता नसतो. तिच्यावर कुणी सिम घेतलं किंवा कर्ज उचललं, तर निस्तरायचं तुम्हालाच.

घरातली मोठी माणसं झेरॉक्सवर सही करून 'फक्त सिम कार्डसाठी' असं आडवं लिहायची, आठवतं? वॉटरमार्क म्हणजे तेच. कुणाला दिलं, कशासाठी आणि कधी, एवढं कागदावरच लिहून टाकायचं.

त्यासाठी फुकटच्या वेबसाइटवर आधार अपलोड करणं म्हणजे आणखी एका अनोळखी हातात देणं. त्यापेक्षा स्वतःच्या लॅपटॉपवर थोडं कोडिंग करा. पायथॉनची 'पिलो' ही लायब्ररी मोफत आहे. एक पारदर्शक थर घ्या, त्यावर मजकूर लिहा, गडदपणा ० ते २५५ मध्ये साधारण ८० ठेवा, थर तिरका फिरवा आणि मूळ फोटोवर चढवा. मजकूर फोटो आणि नंबरवरून जाऊ दे, पण खालचं वाचता आलं पाहिजे. कोड एकदा लिहिला की पुढच्या वेळी फक्त नाव आणि तारीख बदलायची.

पीडीएफमध्ये मात्र एक गोची आहे. वरून चिकटवलेला मजकूर वेगळा थर म्हणून राहतो, एडिटरमध्ये निवडून उडवता येतो. म्हणून आधी पानाची इमेज करा, तीत मजकूर मिसळा आणि मग पुन्हा पीडीएफ बनवा.

तुमची शॉर्ट फिल्म किंवा रील असेल, तर 'एफएफएमपेग' वापरा. त्यातला 'ड्रॉटेक्स्ट' फिल्टर एका कमांडमध्ये व्हिडिओवर नाव टाकतो. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करता येतं. त्यामुळे ते वेळेनुसार जागा बदलेल असं सेट करा. असं नाव परवानगीशिवाय मुद्दाम काढणाऱ्याला कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५बीखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वॉटरमार्क म्हणजे कुलूप नव्हे. एआय टूल्स तो पुसूही शकतात. पण चोराचं काम वाढतं, आणि कॉपी बाहेर फुटलीच तर ती कुणाकडून फुटली ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. चालत असेल तिथे आधी मास्क्ड आधार काढा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात. त्यावर वॉटरमार्क टाका, आणि मगच सेंड दाबा.