फिल्टर चौकोनी घ्यावा की आट्यांचा?



माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ कुठे चुकलंच तर ते संपादकांनी सांभाळून घेतलं असेल अशी आशा! विषय फोटोग्राफीचा आहे, पण त्यात फर्स्ट इयरचं फिजिक्स आहे, वर्कशॉपमधले आटे आहेत आणि शेवटी पैशांचा हिशेबही आहे. म्हणजे तो आपल्याच सिलॅबसमधला समजायला हरकत नाही.

मी मूळची भोकरची. मामाने नवीन कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना डीएसएलआर आणि १८-५५ ची किट लेन्स माझ्याकडे आली. कॅमेरा हातात पडताच आजोबा म्हणाले, "सहस्रकुंडाचं पाणी काढून आण की गं." आजोबा पूर्वी आदिलाबाद लाइनच्या गाडीने तिथल्या महादेवाच्या दर्शनाला जायचे. आता गुडघे साथ देत नाहीत. सहस्रकुंड म्हणजे इस्लापूरजवळचा पैनगंगेवरचा धबधबा. नदीच्या अलीकडचा काठ आपला नांदेड जिल्हा, पलीकडचा यवतमाळ. पावसाळ्यात काळ्या खडकावरून पाणी असं काही कोसळतं की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. उन्हाळ्यात मात्र तिथे बघण्यासारखं फार उरत नाही. म्हणजे फोटो काढायचा तर पावसाळ्याच्या थोड्या आठवड्यांतच. एक फेरी वाया गेली की वर्ष गेलं म्हणायचं.

पहिली फेरी माझी वायाच गेली. का गेली, ते कळावं म्हणून आधी थोडी थिअरी.

एनडी फिल्टर म्हणजे काय?

एनडी म्हणजे न्यूट्रल डेन्सिटी. सोप्या शब्दांत लेन्सचा गॉगल. हा गॉगल सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच कमी करतो, निदान करायला हवा. फायदा असा की प्रकाश कमी झाला की शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. वाहतं पाणी मग थेंबाथेंबाने गोठलेलं न दिसता प्रवाहासारखं दिसतं.

तुम्ही म्हणाल, मग अ‍ॅपर्चर एफ/२२ पर्यंत बारीक करा की! करता येतं, पण भोक फार बारीक झालं की डिफ्रॅक्शनमुळे सगळाच फोटो मऊ पडतो. ते सिंगल स्लिटचं प्रॅक्टिकल आठवा. म्हणून एफ/८ ते एफ/११ वर थांबावं आणि पुढचं काम फिल्टरला करू द्यावं.

दुकानात गोंधळ उडतो तो नावांमुळे. एकाच फिल्टरला तीन नावं असतात. 'एनडी ८', '०.९' आणि '३ स्टॉप' या तिन्हींचा अर्थ एकच. पहिल्यात प्रकाश किती पटीने कमी होतो तो आकडा. दुसऱ्यात ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे त्याच आकड्याचा लॉग. तिसऱ्यात प्रकाश किती वेळा निम्मा झाला ते. त्याच हिशेबाने एनडी ६४ म्हणजे १.८ किंवा ६ स्टॉप आणि एनडी १००० म्हणजे ३.० किंवा १० स्टॉप. दोन फिल्टर एकावर एक लावले तर पटींचा गुणाकार होतो, डेन्सिटी आणि स्टॉपची मात्र नुसती बेरीज.

उदाहरण घेऊ. ढगाळ संध्याकाळ, आयएसओ १००, एफ/११. फिल्टरशिवाय शटर आलं १/१५ सेकंद. एनडी ८ लावला की ते साधारण अर्धा सेकंद होतं, एनडी ६४ लावला की सव्वाचार सेकंद, आणि एनडी १००० लावला की एक मिनिटाच्या वर. तेवढा वेळ कॅमेरा हातात धरणं अशक्य, त्यामुळे ट्रायपॉड हवाच.

दोन घराणी

आट्यांचा फिल्टर गोल असतो आणि लेन्सच्या तोंडाशी असलेल्या आट्यांत फिरवून बसतो. लेन्सच्या पुढच्या कडेला गोलाला तिरपी रेघ मारलेलं चिन्ह आणि पुढे ५२, ५८, ६७ किंवा ७७ असा आकडा असतो. तो आट्यांचा व्यास, मिलिमीटरमध्ये. माझ्या लेन्सवर ५८ आहे.

चौकोनी फिल्टरचा थाट वेगळा. आधी लेन्सला एक रिंग, रिंगवर खाचांचा होल्डर, आणि खाचांत वरून सरकवायची काच किंवा रेझिनची पट्टी. बरेचसे स्वस्त फिल्टर चष्म्याला वापरतात तसल्या प्लास्टिकचे असतात. ही पद्धत लोकप्रिय केली ती कोकिन या फ्रेंच कंपनीने, १९७० च्या दशकाच्या अखेरीस. आज १०० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या जास्त चालतात, विद्यार्थ्यांच्या बजेटमध्ये ८४-८५ मिलिमीटरच्या.

चौकोनीचे गुण कागदावर भारी दिसतात. लेन्स बदलली तरी फिल्टर तोच, फक्त रिंग बदलायची. आणि फ्रेम लावताना, फोकस करताना पट्टी काढून ठेवायची, मग हळूच सरकवायची. एनडी ६४ मधून व्ह्यूफाइंडरमध्ये जवळजवळ अंधार दिसतो, ऑटोफोकसही चाचपडतो. त्यामुळे ही सोय लहान नाही. हे सगळं वाचून मी नाश्त्याचे पैसे वाचवले आणि एक स्वस्त चौकोनी सेट मागवला. होल्डर, रिंगा, सहा पट्ट्या. मैत्रिणींना दाखवताना काय रुबाब!

पहिली फेरी

मागच्या सप्टेंबरात मामेभावाच्या गाडीवर हिमायतनगरमार्गे सहस्रकुंड गाठलं. आईची अट एकच, दिवेलागणीच्या आत घरी. म्हणजे हातात जेमतेम तास.

धबधब्याचे तुषार पार लांबपर्यंत उडत होते. मी पट्टी पुसायची, होल्डरात सरकवायची, तोवर तिच्यावर पुन्हा थेंब. दोन पट्ट्या लावल्या तर चार पृष्ठभाग आणि मधे अडकलेलं पाणी वेगळंच. ओढणीने पुसलं तर रेझिनवर बारीक चरे. एक पट्टी बोटांतून निसटली ती थेट पैनगंगेला अर्पण.

आणि या सगळ्यात दोन्ही हात गुंतलेले, नजर होल्डरवर. एकदम मामेभाऊ ओरडला, "अगं, मागं सर, पाणी चढायलंय!" मघाशी कोरडा असलेला पायाखालचा खडक ओला झाला होता. पैनगंगेवर वरच्या बाजूला इसापूर धरण आहे. तिथून विसर्ग सुरू झाला किंवा वर कुठे जोराचा पाऊस झाला की खाली पाणी वाढतं. ते आपल्याला सांगून वाढत नाही. आम्ही सामान उचलून मागे आलो. काही झालं नाही, पण पाय मात्र बराच वेळ लटपटत होते.

हॉस्टेलला येऊन फोटो पाहिले. सगळ्यांवर जांभळट झाक. स्वस्त फिल्टर नावाचेच न्यूट्रल असतात, सगळे रंग सारखे अडवत नाहीत. रॉ फाइल असेल तर व्हाइट बॅलन्सने बरंच सुधारतं, मी जेपेग काढले होते. आणि एका फोटोत पाण्याच्या मधोमध फिकट पिवळा डाग. आधी वाटलं सेन्सर गेला. मग कळलं, तो माझाच पिवळा रेनकोट! होल्डर आणि लेन्स यांच्यात फट राहिली की मागचा प्रकाश आत शिरतो आणि पट्टीच्या पाठीवरून परावर्तित होऊन फोटोत येतो. चांगल्या पट्ट्यांना मागे फोमची कड असते ती याचसाठी. माझ्या पट्ट्यांना ती नव्हती.

दुसरी फेरी

पुढच्या आठवड्यात एका सीनियर दीदीने तिचा आट्यांचा एनडी ६४ दिला. तो ६७ चा, माझी लेन्स ५८ ची. मधे ५८-६७ ची स्टेप-अप रिंग लावली की काम झालं. ही रिंग म्हणजे आटे असलेली साधी धातूची चकती, फिल्टरच्या मानाने अगदी स्वस्त. नियम एवढाच की मोठा फिल्टर लहान लेन्सवर चालतो, लहान फिल्टर मोठ्या लेन्सवर लावला की फोटोचे कोपरे काळे पडतात. म्हणून फिल्टर पुढच्या मोठ्या लेन्सचा विचार करून घ्यावा आणि आत्तापुरती रिंग लावावी. 'लेन्स बदलली तरी फिल्टर तोच' हा चौकोनीचा मोठा गुण असा एका रिंगमध्ये आट्यांच्या फिल्टरलाही मिळतो.

या वेळी आम्ही काठापासून चांगलं मागे, वरच्या कोरड्या खडकावर ट्रायपॉड लावला. मामेभावाचं काम फक्त पाण्याकडे बघत राहायचं. माझा क्रम असा होता:

१. फिल्टर न लावता फ्रेम आणि फोकस, मग ऑटोफोकस बंद.
२. फिल्टरशिवायचा शटर स्पीड बघून त्याला ६४ ने गुणायचं.
३. फिल्टर हलक्या हाताने फिरवायचा. जोर लावला की फोकसची रिंग हलते.
४. व्ह्यूफाइंडर कापडाने झाकायचा, कारण लांब एक्स्पोजरला मागूनही प्रकाश शिरतो.
५. दोन सेकंदांच्या टायमरवर क्लिक.

तुषार उडत होतेच, पण पुसायला पृष्ठभाग एकच आणि तोही काचेचा. मागून फट नाही, त्यामुळे रेनकोटाचं भूतही नाही. वीस मिनिटांत काम संपलं.

एक युक्ती मला तिथेच सुचली. सव्वाचार सेकंदांत पाणी पार दुधासारखं झालं. मला जरा कमी वेळ हवा होता, पण एनडी ८ तर जवळ नव्हता. मग आयएसओ १०० चा ८०० केला, म्हणजे तीन स्टॉप, आणि शटर आलं अर्ध्या सेकंदावर. थोडा नॉइज आला, चालतं. यावरून शिकले ते हे: गडद फिल्टर आयएसओ वाढवून किंवा अ‍ॅपर्चर उघडून 'फिका' करता येतो, फिका फिल्टर गडद करायला मात्र फारसा मार्ग नसतो. एकच घ्यायचा तर एनडी ६४ घ्या.

आता आट्यांच्या फिल्टरचा दोषही सांगते. परत येताना तो रिंगमध्ये असा जाम झाला की निघेना. आपण घाबरून दोन बोटांनी घट्ट दाबतो, त्याने गोल रिंग किंचित अंडाकृती होते आणि आणखीच आवळते. उपाय म्हणजे कडेभोवती रुंद रबरबँड गुंडाळायचा, पाचही बोटं सारखी पसरून धरायची आणि न दाबता फिरवायचं. निघाला! पितळी रिंगा अ‍ॅल्युमिनियमच्या मानाने कमी अडकतात. आणि बसवताना आधी अर्धा फेरा उलटा फिरवावा, आटे जुळले की पुढे. वर्कशॉपच्या सरांनी नट-बोल्टबद्दल हेच सांगितलं होतं, तेव्हा मी लक्ष दिलं नव्हतं.

मग चौकोनी कुणासाठी?

चौकोनीला नावं ठेवून मोकळं होणं बरोबर नाही. नांदेडला गोदावरीच्या घाटावर किंवा विष्णुपुरीच्या जलाशयावर सूर्यास्त काढून बघा. आकाश लख्ख, काठ काळाकुट्ट. इथे लागतो ग्रॅज्युएटेड एनडी, म्हणजे वरून गडद आणि खाली पारदर्शक. गोल ग्रॅज्युएटेडमध्ये ही सीमा बरोबर मध्यावर पक्की असते, म्हणजे क्षितिज दर फोटोत मध्यावर घ्यावं लागतं. चौकोनी पट्टी वर-खाली सरकवता येते. हे काम चौकोनीनेच करावं. मात्र क्षितिजाच्या वर देऊळ किंवा झाड आलं की त्याचा शेंडा काळा पडतो. मग ट्रायपॉडवरून दोन एक्स्पोजर काढून गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये जोडलेले बरे.

तिसरा पर्याय फिरवून कमी-जास्त होणारा व्हेरिएबल एनडी. त्यात दोन पोलरायझर असतात आणि मॅलसचा नियम, म्हणजे कॉस स्क्वेअर थीटा. व्हिडिओ काढणाऱ्यांना तो सोयीचा. पण १८ मिलिमीटरसारख्या वाइड लेन्सवर जास्त गडद केला की फोटोवर काळी फुली उमटू शकते, कारण कडेचे किरण तिरके येतात.

थोडक्यात माझा हिशेब: एक-दोन लेन्स, धबधबा, पाऊस आणि घरी वेळेत परतायची घाई असेल तर आट्यांचा एनडी ६४ आणि स्टेप-अप रिंग. कोरड्या काठावर निवांत उभं राहून आकाश सांभाळायचं असेल आणि चांगला होल्डर घेण्याइतके पैसे असतील तरच चौकोनी. स्वस्तातल्या सहा पट्ट्यांपेक्षा एक नीट काच बरी.

आजोबांना दोन्ही फोटो दाखवले. चार सेकंदांचा बघून म्हणाले, "हे तर दूध सांडल्यावानी दिसायलंय." अर्ध्या सेकंदाचा त्यांनी बराच वेळ हातात धरला. मग बोट ठेवून म्हणाले, "हां, इथून पाणी वळतंय. इथंच आम्ही उभं राहायचो." तो फोटो आता त्यांच्या खाटेजवळ लावलाय.

यंदा तुम्ही जाणार असाल तर निघण्याआधी इसापूरच्या विसर्गाची बातमी बघा, एकटे जाऊ नका, आणि पाण्याकडे लक्ष ठेवायला कुणीतरी फक्त त्याच कामाला ठेवा. आता माझा स्वतःचा एनडी ६४ आहे. हवा असेल तर लायब्ररीसमोर भेटा, देईन. फक्त रिंग आठवणीने परत करा. एक आधीच कुणीतरी नेलीय!