फुटाला एक सूत

घरामागे जोत्याशी पाणी तुंबायचं, म्हणून एका मे महिन्यात मी स्वतःच 40 फुटांचा चर खणला. नजरेला उतार झकास दिसत होता. पहिला जोराचा पाऊस झाला आणि पाणी निम्म्या वाटेवर जाऊन थबकलं. तिथे पाच-सहा फुटांचं डबकं झालं, ते पाऊस उघडल्यावरही आटेना. गवंड्याने येऊन एकदाच पाहिलं. म्हणाला, "काका, डोळ्यावर कशाला गेलात? नळी लावायची होती."

गवंडी उताराला ढाळ म्हणतात आणि तो सुतात मोजतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. फुटाला एक सूत ढाळ म्हणजे 96ला 1, साधारण एक टक्का. 40 फुटांत चराचा तळ अवघा 5 इंच खाली जातो. एवढा फरक डोळ्याला कळत नाही, कारण डोळा पातळी मोजत नाही, आजूबाजूच्या वस्तूंशी ताडून पाहतो. शेजारचा गडगाच तिरका असेल तर सपाट चरही उताराचा वाटतो. माझाही डोळा असाच फसला होता.

पण एक टक्का पुरतो का? छप्पर आणि परसू मिळून 100 चौरस मीटर जागा धरा आणि तासाला 100 मिलिमीटर या जोराची सर. कोकणातल्या जुलैत ती काही नवलाची नाही. तासाला 10 हजार लिटर पाणी झालं, म्हणजे साडेपाच सेकंदांना 15 लिटरची एक बादली. 20 सेंटिमीटर रुंद मातीच्या चरात, एक टक्का ढाळावर, हे सगळं पाणी जेमतेम सव्वाचार सेंटिमीटर खोलीने वाहून जातं. वेग सेकंदाला 33 सेंटिमीटरच्या आसपास. तोच चर सिमेंटने गुळगुळीत केला तर खोली अडीच सेंटिमीटरवर येते आणि वेग 57वर जातो. ढाळ तोच, बदलला तो फक्त तळाचा खरखरीतपणा. हा हिशोब आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅनिंग यांनी 1889 मध्ये मांडलेल्या सूत्राचा आहे आणि जगभरचे अभियंते अजूनही तेच वापरतात.

या सूत्रात एक गंमत आहे. ढाळ चौपट केला तरी, पाण्याची खोली तेवढीच असेल तर, वेग फक्त दुप्पट होतो. पाण्याला पुढे ओढणारं बळ ढाळाच्या प्रमाणात वाढतं. तळाचं आणि कडांचं घर्षण मात्र वेगाच्या वर्गाने वाढतं. दोन्हींची बरोबरी होते तिथे वेग स्थिरावतो. त्यामुळे 'जरा जास्तच ढाळ देऊन टाकू' या उत्साहाचा फायदा वाटतो तेवढा नसतो. उलट मोकळ्या मातीत वेगवान पाणी तळ खरवडतं, कडा ढासळवतं आणि ती माती खालच्या तोंडाशी नेऊन टाकतं. जमीनच उभ्या उताराची असेल तर मधे चिऱ्यांचे टप्पे द्यावेत. ढाळ फार कमी ठेवला तर वाळू वाटेतच बसते.

माझ्या चरात ढाळ कमी नव्हताच. वरच्या आणि खालच्या टोकात 7 इंचांचा फरक निघाला. घात केला तो मधल्या खोलगट जागेने. सरासरी ढाळ कागदावर कितीही चांगला असो, पाण्याला दर फुटाला खाली जायला वाट लागते. साचलेल्या पाण्यात डासांची पिढी आठ-दहा दिवसांत तयार होते, हा भुर्दंड वेगळाच.

गवंड्याने सुरुवात केली ती खालच्या टोकापासून, रस्त्याकडेच्या गटारापासून. गटाराच्या तळाखाली चर नेऊन उपयोग नाही, म्हणून आधी त्या तळाची पातळी पक्की केली. मग पारदर्शक नळीत पाणी भरलं आणि टिचक्या मारून बुडबुडे काढले. आत हवा अडकली की दोन्ही टोकांची पातळी खोटं बोलते. नळीने खुंट्यांवर एका पातळीच्या खुणा केल्या आणि दोरी ताणली. ती मधे झोळ खाऊ नये म्हणून दर पाच फुटांवर खुंटी. वरच्या टोकाला दोरीपासून तळ 12 इंच, पुढे दर खुंटीला पाच सूत जास्त, शेवटी 17 इंच. माझी खोलगट जागा मुरूम घालून, धुमसून भरली. सगळं काम दीड तासात झालं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी पंपाशिवाय शनिवारवाड्यापर्यंत आलं, तेही अशाच ढाळाच्या जोरावर.

यंदा चर खणणार असाल तर तळाला चिरे बसवण्याआधी वरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओता, त्यात मूठभर भाताचा कोंडा टाका आणि कोंडा कुठे अडतो ते पाहा. तिथे खुंटी ठोका आणि पुन्हा मोजा.