कमी खर्चाचे भयपट : उसाच्या फडात भीती का वाटते?

रात्रीची वीज आली की बारामती-इंदापूरचा शेतकरी उसाची दारं धरायला निघतो. पानांची सळसळ त्याला नवी नाही; भुतापेक्षा त्याला सापाची भीती जास्त. विशाल फुरियांच्या ‘लपाछपी’ने (२०१७) तीच सळसळ वापरली. एक घर, मोजकी पात्रं, भोवती ऊस. महागडा सेट लागतोच कुठे? रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) असाच काटकसरीचा होता. पण कल्पना आटली की असे भयपट कानठळ्या बसवून दचकवतात आणि बाईचे हाल ताणत बसतात. ‘लपाछपी’चा विषय स्त्रीभ्रूणहत्येचा, तरी गरोदर नायिकेचा छळ इतका लांबतो की विषयच मागे पडतो. फुरियांनी तो २०२१ मध्ये ‘छोरी’ म्हणून हिंदीत केला. तिथेही ऊस आहेच.